कसरत नको, पाळणाघर हवं

'तारेवरची कसरत' हा शब्दप्रयोग काही वर्षं तरी मराठीतून हद्दपार करावा असं मला फार वाटतं. आठ मार्च जवळ आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत तो हमखास उगवतो. एका हातात लॅपटॉप आणि दुसऱ्या हातात बाळ घेतलेल्या बाईचं चित्र, खाली तिचं कौतुक, आणि शेजारच्या चौकटीत सल्ले. पहाटे पाचला उठा. आठवड्याच्या भाज्या रविवारी निवडून ठेवा. बाळाच्या झोपेचं वेळापत्रक लावा. नोकरीवर परत जायच्या आधी पंधरा दिवस बाळाला बाटलीची सवय करा. आणि हो, स्वतःसाठी रोज अर्धा तास काढा. तो कुठून काढायचा ते चौकटीत कधीच नसतं.

सर्कशीतसुद्धा तारेखाली जाळी बांधलेली असते. इथे जाळी नाही, तार कुणी बांधली ते कुणी सांगत नाही, आणि बाई पडली तर तिला नियोजन जमलं नाही असं म्हणायला सगळे मोकळे. मला त्या चित्रातल्या बाईला, 'तू हे सगळं कसं गं जमवतेस?' असं विचारायचं नाही. तिच्यावर ही वेळ आणणाऱ्यांना काही विचारायचं आहे. आणि मैत्रिणींनो, त्यातले काही प्रश्न तुम्हा-आम्हा चळवळीतल्या बायकांनाही विचारायचे आहेत.

मी राहते डोंबिवलीला, नोकरी करते मुंबईत फोर्टमधल्या एका खाजगी कार्यालयात. माझी मुलगी २०१८ची. म्हणजे मी कायद्याची लाडकी. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि बारा आठवड्यांची भरपगारी रजा पहिल्या दोन मुलांपुरती सव्वीस आठवड्यांची झाली. जगात मोजक्याच देशांत एवढी रजा आहे, असं तेव्हा फार अभिमानानं सांगितलं गेलं. रजा वाढली हे चांगलंच झालं, आणि ज्या बाईला ती मिळाली तिनं ती हक्कानं घ्यावी. पण तिचा हिशेब एकदा मांडून बघू.

सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. घेतले तर हातात राहतात चार महिने. सरकारच सांगतं की सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका. मग बाई काय करते? नवव्या महिन्यापर्यंत पोट सांभाळत लोकलचा दांडा धरते, म्हणजे पुढचे आठवडे बाळासाठी उरतात. मीही तेच केलं. आणि मूल जेव्हा वरच्या अन्नाला लागतं, नाचणीचं सत्त्व भरवायला एकेक तास जातो, रांगत जाऊन हाताला लागेल ते तोंडात घालतं, रात्री दातांनी रडून घर डोक्यावर घेतं, नेमक्या त्या दिवशी रजा संपते. कायद्याच्या लेखी बाळ त्या दिवशी मोठं होतं.

त्यानंतर कायदा आणखी दोन गोष्टी देतो. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायची सुटी, आणि पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर, जिथे आईला दिवसातून चार वेळा जाता येईल. पुढे आलेल्या २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हा पन्नासचा आकडा तसाच आहे. आता सांगा, बाळ डोंबिवलीत आणि आई फोर्टमध्ये असताना त्या दोन सुट्यांचं तिनं करायचं काय? माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी त्या वेळात स्वच्छतागृहात जाऊन दूध पिळून टाकत असत, कारण छाती दुखायची आणि ते साठवायला जागा नव्हती. आमच्या कार्यालयात पाळणाघराची खोली होती. भिंतीवर फुगे आणि ससे रंगवलेले होते, आणि आत जुन्या फायलींचे गठ्ठे. तपासणीला कोणी आलंच तर गठ्ठे हलवायचे, एवढीच तिची व्यवस्था. पण समजा ती खोली अगदी आदर्श असती, तरी सात महिन्यांचं मूल कडेवर घेऊन सकाळी सव्वाआठच्या लोकलमध्ये कोण शिरणार आहे? ज्यांनी त्या वेळेला डोंबिवलीच्या फलाटावर पाय ठेवला आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. पाळणाघर घराजवळ पाहिजे, चालत जाता येईल एवढं जवळ. कायद्यानं ते कामाच्या जागी बांधून टाकलंय.

असं का झालं? कारण मूल सांभाळणं हा त्या बाईचा आणि तिच्या मालकाचा आपसातला व्यवहार आहे, असं धरून आपल्याकडे पहिल्यापासून कायदे झाले. जगाचा, समाजाचा त्यात संबंध नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास या बाबतीत वाचण्यासारखा आहे. १९२०च्या दशकात तिथल्या दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. त्या बायका पाळीला जाताना तान्ह्या बाळाला अफूची बाळागोळी देत, म्हणजे ते दिवसभर निपचित पडून राही. गिरणीच्या खात्यात झोळी बांधायची सोय नव्हती, चाळीतल्या खोलीत सांभाळायला कोणी नव्हतं. त्या बायकांना क्रूर म्हणणाऱ्या भल्या लोकांची तेव्हाही कमतरता नव्हती.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या लाभाचं विधेयक आलं. गिरणीमालकांचा आक्षेप खर्चावर होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या विधेयकाच्या बाजूनं बोलले. बाळंतपणाच्या आगेमागे बाईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून हा भार मोठ्या प्रमाणावर सरकारनंच उचलायला हवा हे आपल्याला मान्य आहे, पण सरकार तो उचलत नाही तोवर मालकाला जबाबदारीतून सोडता येणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९२९मध्ये कायदा झाला. मालकावरचा भार राहिला. सरकारनं उचलायचा भार मात्र शंभर वर्षं होत आली तरी वाटेतच आहे.

याचे परिणाम बाईला भोगावे लागतात. १९४८च्या कारखाने कायद्यानं आधी पन्नास, १९७६च्या दुरुस्तीनंतर तीस बायकांपेक्षा जास्त कामगार असतील तर पाळणाघर सक्तीचं केलं होतं. तीस बायका! तीस कामगार नव्हे, तीस बायका. म्हणजे मुलं फक्त बायकांना होतात. आणि म्हणजेच एकोणतीस बायकांवर थांबलं की मालकाची सुटका. कामगार चळवळीतल्या जुन्या बायकांना विचारा, हजेरीपटावर हे एकोणतीस कसे दिसायचे ते त्या सांगतील. २०१७च्या दुरुस्तीनं एवढं तरी केलं की आकडा बायकांचा न ठेवता सगळ्या कर्मचाऱ्यांचा ठेवला. पण रजेचा पगार मात्र, कामगार राज्य विम्याखाली येणाऱ्या बाया सोडल्या, तर सगळा त्या एका मालकाच्या खिशातून. मग मुलाखतीत नव्यानं लग्न झालेल्या मुलीला 'पुढचं काय ठरवलंय?' हा प्रश्न येतो. मालक दुष्ट असतो म्हणून येतो असं नाही, कायद्यानंच त्याला बाई महाग आहे असं सांगितलंय म्हणून येतो. सगळ्या मालकांनी, पुरुष कामाला ठेवणाऱ्यांनीसुद्धा, एका सामाईक निधीत पैसे घालावेत, सरकारनं त्यात भर घालावी आणि रजेचा पगार व पाळणाघर त्यातून व्हावं, ही साधी गोष्ट आहे. आजारपणाच्या विम्यासाठी हे आपण १९४८पासून करत आलो आहोत.

पण हे सगळं झालं हजेरीपटावर नाव असणाऱ्यांचं. या देशातल्या बहुसंख्य कष्टकरी बायकांचं नाव कुठल्याच पटावर नसतं. त्यांना सव्वीस आठवडे कोण देणार?

माझी मुलगी सात महिन्यांची असल्यापासून तिला सांभाळायला एक ताई घरी येत. मी सव्वासातला निघायची, त्या सातला हजर. त्यांच्यामुळे मी नोकरीवर परत जाऊ शकले. माझ्या पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा मी त्यांना देत असे, आणि तरी तो त्यांच्या घराला पुरत नव्हता. त्यांचं स्वतःचं धाकटं मूल तेव्हा दोन वर्षांचं होतं. ते कोणाकडे असायचं? नऊ वर्षांच्या बहिणीकडे. ती मुलगी त्या वर्षी शाळेत कितीदा गेली असेल याचा हिशेब हजेरीबुकात मिळेल. म्हणजे माझ्या मुलीचं पाळणाघर त्या ताई, त्यांच्या मुलाचं पाळणाघर त्यांची मुलगी, आणि त्या मुलीचं बालपण मात्र कुणाच्याच हिशेबात नाही. पुरवणीतल्या 'करिअर करणाऱ्या आई'च्या पायाखाली ही अशी उतरंड रचलेली असते. 'बायकांनी बायकांना मदत करावी' हे फार गोड वाक्य आहे. पण एकीची सुटका दुसरीच्या खांद्यावर आणि दुसरीची तिच्या लेकीच्या कमरेवर, याला मदत म्हणत नाहीत.

उसाच्या फडात जा. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. उचल दोघांची मिळून, खाडा केला तर दंड दोघांना. बीड, अहिल्यानगरकडून निघालेल्या टोळीत बाळंत होऊन महिना न झालेली बाई मोळ्या बांधते आणि बाळ बांधावर, उसाच्या पाचटावर दुपटं टाकून झोपवलेलं असतं. त्याच्याकडे बघायला आठ-दहा वर्षांची बहीण. गावातली शाळा दिवाळीनंतर सुटली ती सुटलीच. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला, समिती नेमली गेली. फडाच्या कडेला एक छप्पर, एक सांभाळणारी बाई आणि एक पिंप पाणी एवढी मागणी मात्र त्या हळहळीत कुणाला फारशी महत्त्वाची वाटली नाही.

बांधकामावर तीच कथा. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागी धुळीत पडलेली बाळं पाहून तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली, तिचं काम पुढे मुंबई-पुण्यातही आलं. म्हणजे हे करता येतं हे सिद्ध होऊन पन्नासहून अधिक वर्षं झाली. १९९६च्या बांधकाम कामगार कायद्यात पाळणाघर लिहिलं गेलं, पन्नासपेक्षा जास्त बायका असतील तर (हा पन्नास आपला पाठलाग सोडत नाही). बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी गोळा होतो. तो हजारो कोटींनी पडून राहिला म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये सरकारांना खडसावलं. पैसे नाहीत हे उत्तर निदान या बाबतीत तरी कुणी देऊ नये. २००५च्या रोजगार हमी कायद्यात तर कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं आली की त्यांच्याकडे बघायला एका बाईला नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची, असं स्पष्ट होतं. माती कामावर मूल सांभाळणं हे खणण्याइतकंच काम आहे असं मान्य करणारं ते वाक्य मला फार आवडतं. कामावर गेलेल्या बायकांना मी विचारते, असं कुणी नेमलेलं तुम्ही पाहिलंत का? त्या हसतात.

आणि ही अक्कल आपल्याला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५मध्ये ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली मुली शाळेत येईनात. का येत नाहीत ते पाहिलं तर प्रत्येकीच्या कडेवर धाकटं भावंड. या दोघींनी आईबापांना शिक्षणाचं महत्त्व सांगणारी भाषणं दिली नाहीत. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. भावंडासकट या, ते शेजारच्या खोलीत राहील, तू इथे शीक. विकासवाडी म्हणत तिला. 'अंगणवाडी' हा शब्दसुद्धा त्यांच्याच कामातून आला. सरकारनं १९७५मध्ये एकात्मिक बालविकास योजना काढली तेव्हा शब्द घेतला आणि पाळणाघर टेकडीवरच ठेवलं.

आजची अंगणवाडी मुलाला घेते तीन वर्षांनंतर, आणि सकाळच्या काही तासांपुरती. तीन वर्षांखालच्या बाळासाठी घरी न्यायचं पाकीट. बाई मजुरीला जाते आठ-नऊ तास, आणि सर्वांत जास्त हात लागतो तो पहिल्या तीन वर्षांत. योजना आणि आयुष्य यांची गाठच पडत नाही. पूर्वी केंद्राच्या मदतीनं संस्था पाळणाघरं चालवत, २०१७ नंतर केंद्रानं आपला वाटा कमी केला आणि त्यातली कितीतरी बंद पडली. २०२२च्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं ठरलं. चांगलं आहे. उद्दिष्ट सतरा हजारांचं. देशात अंगणवाड्या आहेत सुमारे चौदा लाख.

आणि जोडायचं म्हणजे कुणाच्या जिवावर? अंगणवाडीताईंच्या. महाराष्ट्र सरकारनं मार्च २०१८मध्ये या बायकांना मेस्मा लावला होता, म्हणजे त्यांची सेवा अत्यावश्यक ठरवून संपाचा हक्क काढून घेतला. विधिमंडळात गदारोळ झाला तेव्हा त्याला स्थगिती दिली. पण त्या आदेशानं एक सत्य चुकून बोलून टाकलं. ज्यांच्यावाचून राज्याचं अडतं त्या बायका. मग त्यांना पगार? नाही, मानधन. त्या 'मानसेवी' आहेत ना! डिसेंबर २०२३ मध्ये त्या पुन्हा संपावर गेल्या तेव्हा पन्नास दिवस अंगणवाड्यांना कुलपं होती. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२मध्ये सांगावं लागलं. लस, वजनं, पोषणाचं ॲप, निवडणुकीची कामं, २०२४मध्ये लाडक्या बहिणींचे अर्ज, सगळं त्यांच्याच माथी. त्यात आता बाळांच्या शी-शूची भर टाकून मानधन तेच ठेवायचं असेल तर ती योजना आपल्याला नको. मूल सांभाळणाऱ्या बाईला कामगार म्हणून पूर्ण वेतन, हे पाळणाघराच्या मागणीतून वेगळं काढताच येत नाही. ते काढलं की पुन्हा तीच उतरंड उभी राहते, फक्त यावेळी सरकारी.

'पण मुलाला आईच लागते हो!' हे वाक्य मी नणंदेकडून, डॉक्टरकडून, कार्यालयातल्या साहेबांकडून आणि एकदा रिक्षावाल्याकडूनही ऐकलंय. २०१६च्या नोव्हेंबरात खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाल्याचं सीसीटीव्हीत दिसलं. आमच्या लोकलच्या डब्यात पुढचे आठ दिवस चर्चा चालली ती, आईनं एवढ्या लहान बाळाला सोडून जावंच कशाला, यावर. पाळणाघराला परवाना लागत होता का, तपासणी कोण करतं, एका बाईकडे किती बाळं असावीत, हे प्रश्न दोघी-तिघींनीच काढले. रस्त्यावर अपघात झाला तर आपण म्हणत नाही की लोकांनी घराबाहेर पडूच नये. आपण खड्डा बुजवा म्हणतो, सिग्नल लावा म्हणतो. मुलाला काय लागतं हे ज्यांनी मुलं वाढवली त्यांना माहीत आहे. ओळखीचा चेहरा, वेळेवर खाणं, कोरडं अंथरूण, बोलायला आणि अंगाखांद्यावर खेळवायला कुणीतरी फुरसतीचं. चार भिंतींत एकटी, रात्रीची जागलेली, स्वयंपाक आणि धुणं उरकत मुलाकडे बघणारी आई हे सगळं देऊ शकते असं ज्यांना वाटतं त्यांनी एक आठवडा तसं राहून बघावं. २०२०च्या टाळेबंदीत मी घरून काम करताना दोन वर्षांची मुलगी मांडीवर घेऊन आकडे भरत होते. आई चोवीस तास घरात होती. त्या मुलीला त्या काळात आई किती मिळाली, ते तिलाच विचारायला हवं.

आता बापाकडे वळते.

महाराष्ट्र शासनानं २०१८च्या जुलैत आपल्या कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. कुणाला? महिला कर्मचाऱ्यांना. आणि पुरुषांना? ज्यांना पत्नी नाही, किंवा ज्यांची पत्नी असाध्य आजारानं अंथरुणाला खिळलेली आहे, त्यांना. मी हे वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. म्हणजे बाई मेल्याशिवाय किंवा मरणाच्या दारात गेल्याशिवाय बापानं मूल सांभाळायची वेळ येऊ शकते, ही कल्पनाच शासनाला सुचली नाही! मनुस्मृती जाळून किती वर्षं झाली, पण शासन निर्णयाच्या भाषेत ती अशी मधूनच उमटते.

हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७मध्ये लोकसभेत बापाच्या रजेचं खाजगी विधेयक मांडलं होतं. ते तिथेच राहिलं. त्याच्या आधीच्या वर्षी तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी यांनी, अशी रजा म्हणजे पुरुषांना नुसती सुटी होईल, अशा अर्थाचं मत दिलं होतं. त्यांना आपले पुरुष ठाऊक आहेत, एवढं मान्य करायला हवं. पण माणूस रजेत लोळतो म्हणून त्याला जबाबदारीच द्यायची नाही, हा न्याय फक्त पुरुषांनाच का मिळतो? केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत बायका घरच्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८. ही सरासरीसुद्धा घरकामाला हात लावणाऱ्यांचीच आहे. जे लावतच नाहीत ते त्यात धरलेले नाहीत. १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के बायका घरातल्या कुणाची तरी देखभाल करतात, पुरुषांपैकी २१ टक्क्यांच्या आसपास.

आणि जे करतात त्यांच्यासाठी आपण कुठलं क्रियापद वापरतो? 'मदत करतो.' 'आमचे हे फार मदत करतात हो, रात्री दुपटंसुद्धा बदलतात.' मदत दुसऱ्याच्या कामात करतात. स्वतःच्या मुलाचं दुपटं बदलणारा बाप कुणाला मदत करतो आहे? आपल्या बैठकांत, आपल्याच तोंडी हा शब्द मी ऐकते तेव्हा कानाला खटकतो. पाळणाघर मिळालं की बाप मोकळा झाला असंही होऊ देता कामा नये. सकाळी मुलाला तयार करून तिथे सोडणं, ताप आला म्हणून फोन आला तर कामावरून निघणं, ही निम्मी कामं बापाची. आज पाळणाघरात भरायच्या कागदावर पहिला फोन आईचा लिहितात. उद्यापासून बापाचा लिहून बघा, घरात काय होतं ते.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रातल्या स्त्री चळवळीनं बलात्काराच्या कायद्यासाठी, हुंड्याविरुद्ध, घरातल्या मारहाणीविरुद्ध, गर्भलिंगनिदानाविरुद्ध जे केलं त्याचा मला अभिमान आहे. पण पाळणाघरासाठी शेवटचा मोर्चा कधी निघाला? निवेदनाच्या अकराव्या कलमात 'तसेच पाळणाघरांची सोय करावी' असं असतं, ते मला माहीत आहे. अकरावं कलम वाचेपर्यंत मंत्री उठलेले असतात. हा 'कल्याणा'चा, म्हणजे जरा मवाळ, विषय आहे असं आपल्यापैकी बऱ्याच जणी मानतात. काही जणींना भीती वाटते की मुलांचा प्रश्न बायकांच्या व्यासपीठावर आणला तर 'चूल आणि मूल' पुन्हा आपल्याच गळ्यात पडेल. मला हे पटत नाही. मूल आपल्या गळ्यात पडलेलंच आहे. ते आपण बोलत नाही म्हणून खाली उतरत नाही. मार खाणारी बाई घर सोडत नाही याची कारणं आपण केंद्रांवर रोज ऐकतो. 'पोरं कोणाकडे ठेवू नि कामाला जाऊ?' हे त्यातलं पहिलं किंवा दुसरं कारण असतं. पाळणाघर हे त्या बाईसाठी दाराची कडी आहे.

आणि आपली शिबिरं? दोन दिवसांच्या निवासी शिबिराला कोण येऊ शकतं? जिची मुलं मोठी झाली ती, जिला मूल नाही ती, किंवा जिच्या घरी सासू राजी आहे ती. पंचविशी-तिशीतल्या बायका का दिसत नाहीत यावर आपण चर्चा करतो, आणि तेवढ्यात मागे एखादीचं मूल रडतं तर सगळ्या माना वळतात. वक्त्याचा प्रवासखर्च आपण अंदाजपत्रकात धरतो. मुलं सांभाळणाऱ्या दोघांचं मानधन का धरत नाही? दोघांचं म्हणते आहे, दोघींचं नव्हे. गटात येणारे पुरुष कार्यकर्ते त्या दिवशी याच कामाला लागू देत.

मागणी काय करायची तेही स्पष्ट असावं. प्रत्येक वस्तीत चालत जाण्याच्या अंतरावर, सहा महिन्यांपासूनच्या मुलासाठी, बाई कामावर असते तेवढे सगळे तास उघडं असणारं सार्वजनिक पाळणाघर. पन्नासची, तीसची कसलीही अट नको. सांभाळणाऱ्यांना पूर्ण वेतन. खर्च सगळ्या मालकांच्या निधीतून आणि सरकारच्या तिजोरीतून. रजा आईची वेगळी आणि बापाची वेगळी, तिला देऊन टाकता न येणारी. शाळकरी मुलंही यात धरा. माझी मुलगी आता शाळेत जाते, तिची शाळा साडेबाराला सुटते आणि माझी लोकल डोंबिवलीत पोचते सव्वासातला. मधले पावणेसात तास कुणाच्या खात्यावर?

सुरुवात गल्लीतूनही होऊ शकते. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचे दहा टक्के आणि महापालिकेनं अंदाजपत्रकाचे पाच टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते कशावर जातात हे ग्रामसभेत उठून विचारा. बहुतेक ठिकाणी शिलाई मशिनं, घरघंट्या आणि आठ मार्चचा हळदीकुंकवासारखा कार्यक्रम, असं उत्तर मिळेल. आमच्या गटानं प्रभाग कार्यालयात पाळणाघरासाठी अर्ज दिला. तीन महिन्यांनी लेखी उत्तर आलं की प्रभागात जागा उपलब्ध नाही. त्याच कार्यालयापासून चार मिनिटांवर समाजमंदिर आहे, लग्नसराई सोडली तर वर्षभर बंद. नळ आहे, पंखे आहेत, मागे छोटं अंगणही आहे. किल्ली एका स्थानिक पुढाऱ्यांच्या घरी असते असं कळलंय. येत्या शनिवारी आम्ही पंधरा-वीस जणी मुलांना घेऊन त्यांच्याकडे जाणार आहोत, आणि ते घरी नसले तर येईपर्यंत तिथेच बसणार आहोत.